हातांचं कुणी विचारलंच नाही

साडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या आल्या, यात सांगण्यासारखं काय आहे? सकाळी शटर वर केलं की मांडी घालायची, गिऱ्हाइकापुढं साड्यांच्या घड्या मोडायच्या, ते गेलं की त्याच घड्या परत घालायच्या, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आमच्या चाकूरच्या बाजारात कापडाच्या गादीवर बसणारा एकूण एक माणूस उठताना पाय झटकतो, तोंड वाकडं करतो आणि चार पावलं लंगडतो. काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. त्यामुळे माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि आलेल्या गेल्याच नाहीत, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शेतात खुरपणाऱ्या बाईनं लगेच दवाखाना गाठला असता. मी पडले कापडवाली. महिनेच्या महिने नुसते पाय झटकत बसले.

मी महानंदा. गिऱ्हाइकं मला अक्का म्हणतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मग मी तरी वेगळं काय म्हणू? सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. एकुलती एक मुलगी गौरी नांदेडला कॉलेजात शिकते. एवढंच आमचं घर.

हे लिहायचं कारण सरळ आहे. माझा आजार औषधानं बरा होण्यासारखा होता. पण त्याला भलतंच नाव पडलं, आणि त्या भलत्या नावावर माझी पाठ कापायची तारीखसुद्धा ठरली. ती पाठ कशी वाचली हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

चप्पल

एक दिवस भाजी घेऊन घरी येत होते. मागून पेरूवाली ओरडली, "ओ अक्का, चप्पल सोडून कुठं चालल्या?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागे रस्त्यात पडली होती, आणि मी बिनधास्त चालत निघाले होते. ऊन मी म्हणत होतं, रस्ता तापलेला होता, त्यावर खडी होती, आणि माझ्या पायाला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

घरी येऊन मी ही गंमत म्हणून सांगितली. सर हसले नाहीत.

"अगं, पण कळलं कसं नाही?"

"गप्पांच्या नादात होते."

"कुणाशी?"

मी एकटीच होते. पण मास्तरांशी कोण वाद घालणार? मी पिशवीतली मेथी निवडायला घेतली आणि विषय बदलला.

बस्ता

मग लग्नसराई आली. आमच्याकडं बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कापडांची एकदम खरेदी. दोन्हीकडची मंडळी जीप भरभरून येतात, दिवसभर गादीवर पसरतात, चहावर चहा होतो, रुसवेफुगवे होतात. बस्ता झाला की मी उठून नवरीला कुंकू लावते आणि तिची ओटी भरते. अव्वांनी घालून दिलेला आमच्या दुकानाचा रिवाज आहे हा.

त्या दिवशी नवरी समोर उभी, ताटात कुंकू तयार, आणि मला उठता येईना. गुडघे माझे, मांड्या माझ्या, पण कुणी ऐकेना. मी हसून म्हटलं, "नवरीबाईलाच वाकू द्या जरा, अक्का म्हातारी झाली." नवरी गोड पोरगी, ती वाकली. नवरदेवाच्या आईचं तोंड मात्र एवढंसं झालं.

दोन दिवसांत बाजारात बोलणं फिरलं. "अक्का लई मोठी झाली. आता बसल्या जाग्यावरून कुंकू लावती!"

मला असा संताप आला की वाटलं, उठावं आणि त्या बाईच्या दारात जाऊन भांडावं. पण उठण्यापाशीच तर घोडं अडलं होतं. गिऱ्हाईक नसलं की मी कपाटापर्यंत सरकत जायची, फळीला धरायची आणि मांड्यांवर हात रेटत कशीबशी उभी राहायची. दुकानात शेठ माणूस गादीवरून हलत नाही, यात कुणाला नवल वाटत नाही. म्हणून माझं दुखणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला दिसलं नाही.

लातूर

सरांनी मला लातूरला नेलं. मग परत नेलं. मग दुसऱ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, साखर ठीक निघाली. "काम काय करता?" असं विचारलं की मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "गादीवर बसून असते हो दिवसभर." लगेच समोरची मान डोलायची. वजन कमी करा, व्यायाम करा, ताकदीची इंजेक्शनं घ्या. इंजेक्शनं घेतली. वजनही कमी झालं, पण ते काळजीनं.

शेवटी कमरेचा एमआरआय काढला. मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करून टाकू, असं ठरलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बघ, दुकानातल्या गादीनं मणक्यातली गादी सरकवली." त्यांना वाटलं मी हसेन. मी रिक्षा येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

डॉक्टरांची चूक काढायला मी हे लिहीत नाही. फोटोत जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. माझ्या वयाच्या कितीतरी धडधाकट माणसांच्या फोटोत तसं दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि मी त्यांना फक्त पायांचं सांगितलं होतं. हातांचं त्यांनी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

तळहातावरचा देव

हातांचं का बोलले नाही, ते सांगायचं तर घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग आमच्या अंगावर असतं, चांदीच्या डबीत, गळ्यात, मरेपर्यंत. रोज सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं बघत मंत्र म्हणायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून अव्वा आणि मी शेजारी शेजारी बसून पूजा करतो. ते लिंग हातातून पडणं ही आमच्या जुन्या माणसांपुढं उच्चारायचीसुद्धा गोष्ट नाही.

ते माझ्या हातातून पडलं. तळहात आपोआप कलला, बोटांनी आवळून धरायला पाहिजे होतं, बोटांनी धरलं नाही. लिंग मांडीवरून घरंगळून फरशीवर गेलं.

अव्वांनी मंत्र अर्ध्यावर थांबवला. एवढ्या वर्षांत त्यांचा मंत्र मी कधी थांबलेला ऐकला नव्हता. त्यांनी लिंग उचललं, पाण्यानं धुतलं, दुधानं धुतलं, कपाळाला लावलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"कुणाजवळ बोलायचं न्हाई. सराजवळ बी न्हाई. ऐकलं का?"

"हाव," मी म्हटलं.

त्यानंतर माझे सोमवार कडक झाले. देवळात अभिषेक झाला. मी आपली मनातल्या मनात सगळं आयुष्य उलटंपालटं करून बघत होते, की माझं चुकलं कुठं? कुणाची साडी बदलली का? कुणाचा तळतळाट घेतला का? जे काही सापडलं ते देवानं एवढं मनावर घ्यावं असं नव्हतं. आणि उपास करून करून मी आणखीच गळाले.

लिंग पुन्हा पडलं. मग पुन्हा.

तेव्हापासून अव्वा आपली पूजा आधी उरकायच्या आणि माझ्या तळहाताखाली स्वतःचा तळहात धरून बसायच्या. माझा मंत्र संपेपर्यंत हात काढायच्या नाहीत. आमच्यात सासू-सुनेनं हातात हात घ्यायची पद्धत कुठली? भांडणं झाली, अबोले झाले, पण हात कधी धरला नव्हता. त्यांचा तो राठ, गरम हात माझ्या हाताखाली आला की मला रडू यायचं, आणि रडू आलं की त्या वर बघायच्या, छताकडं.

बाकी काही हातातून पडू नये म्हणून मी बाकी काही उचलणंच बंद केलं. तांब्या दोन्ही हातांनी धरायचा, कप टेबलावर ठेवूनच तोंड त्याच्याकडं न्यायचं. इरकलीचा काठ चिमटीत धरला की सूत खरं आहे का मिसळीचं, हे मला डोळे मिटून कळायचं. आता माझ्या बोटांना सगळ्या साड्या सारख्याच लागत होत्या. हे दुःख मी कुणाला सांगितलं नाही. ते पायांपेक्षा मोठं होतं.

पाठ कुणाची

ऑपरेशनची तारीख जवळ आली तेव्हा गौरीचा फोन आला. "आई, कापायच्या आधी एकदा इथं नसांच्या डॉक्टरांना दाखव. एकदाच. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

सर म्हणाले, "तारीख ठरली आहे. आता नवीन काही नको."

"पाठ तुमची आहे का माझी?"

"किती दवाखाने फिरायचे, महानंदा?"

"पाय चालत होते तोवर फिरले. आता तुम्ही फिरवा."

आम्ही असे भांडलो की अव्वा उठून आत निघून गेल्या. थोड्या वेळानं सर येऊन माझ्या शेजारी गादीवर बसले. ते गादीवर कधी बसत नाहीत, त्यांना ते दुकानदारीचं वाटतं. म्हणाले, "मला भीती वाटते गं. उशीर झाला आणि तू कायमची बसून राहिलीस तर?"

"आणि कापून बी बसूनच राहिले तर?"

सर उठले आणि जीपवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला अव्वा नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात तयार.

"तुम्ही कशाला अव्वा, एवढ्या लांब?"

"मी बी येते," एवढंच.

मला ज्वारीच्या पोत्यासारखं उचलून जीपमध्ये घातलं. लाजेनं मी डोळे मिटून घेतले, ते पार अहमदपूर मागं पडेपर्यंत उघडले नाहीत.

नांदेड

डॉक्टर म्हणजे गौरीपेक्षा थोडी मोठी दिसणारी एक बाई निघाली. माझ्या मनात आलं, ही पोरगी काय बघणार? मॅडमनी एमआरआयच्या पाकिटाला हातच लावला नाही. म्हणाल्या, "ते नंतर. आधी तुम्ही सांगा." मी पायांचं सगळं सांगितलं, चपलेचं, बस्त्याचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि हात? कप, तांब्या, हातातून काही पडतं?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं. कप-तांब्या मी उचलतच कुठं होते?

अव्वा दाराजवळच्या स्टुलावर डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. दवाखान्यात शिरल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"पडतंय," त्या म्हणाल्या.

सरांनी वळून बघितलं. मी अव्वांकडं डोळे वटारले. सुनेनं सासूवर डोळे वटारायची वेळ आली होती.

"काय पडतं, आजी?"

"लिंग पडतंय तिच्या हातून. आमचं इष्टलिंग. शिरावणाच्या आधी पयल्यांदा पडलं, मंग पडतच ऱ्हायलं. आता तर मी खालून हात धरल्याबिगर ऱ्हात न्हाई." त्यांचा आवाज फाटला. "मीच म्हनलं तिला, बोलू नको. मला वाटलं आमच्याच घरात काही दोष हाय. लोकं काय म्हनतील?"

"अव्वा, मला तरी सांगायचं," सर म्हणाले.

"तुला काय सांगू? तू मास्तर. म्हनला आसता म्हातारी येडी झाली."

मॅडम उठून आल्या. मला म्हणाल्या, पूजेला धरता तसा हात धरा आणि डोळे मिटा. मी धरला. डोळे उघडले तेव्हा हात कुठल्या कुठं खाली गेला होता, आणि मला कळलंही नव्हतं. मग त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं, घोट्यावर ठोकलं, कोपरावर ठोकलं. पाय लाकडासारखा लोंबत राहिला. कुठंच काही हललं नाही.

"कमरेत नस दबली तर पायाला त्रास होईल," मॅडम म्हणाल्या. "हाताला होणार नाही. तुमचे दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही बाजूंनी, आणि श्रावणाच्या आधीपासून हळूहळू वाढत चाललेलं. हे दुखणं कमरेचं नाही."

मग अव्वांकडं वळून म्हणाल्या, "आजी, दोष आहे. पण घरात नाही, नसांत आहे."

अव्वांनी पदरात तोंड घातलं. मी म्हटलं, "अव्वा, रडू नका, लोक बघून राहिले." आणि स्वतःच रडायला लागले.

पाठीतलं पाणी

मला तिथंच भरती करून घेतलं. मग तपासण्या. पहिली नसांची. हातापायांना बारीक बारीक शॉक देऊन नस किती वेगानं निरोप नेते ते मशीनवर बघतात. दुखतं, पण जीव जाण्यासारखं नाही. दर शॉकला माझं बोट उडायचं, आणि इतक्या महिन्यांनी ते आपलंआपण हललेलं बघून मला उलट बरंच वाटायचं.

दुसरी तपासणी पाठीतल्या पाण्याची. तिचं नाव काढताच अव्वांनी हात जोडले. आमच्याकडं पक्का समज आहे की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. "नगं गं बाई, त्यानं माणूस उठत न्हाई."

"अव्वा, मी आत्ता तरी कुठं उठून राहिले?"

सर हसले. किती तरी दिवसांनी. मग मॅडम हसल्या, आणि मग अव्वाही पदराआड हसल्या. भीती मलाही होती, पण सगळे हसल्यावर मला मागं फिरता येईना. पाणी काढलं. थोडा वेळ डोकं दुखलं, त्यापलीकडं काही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण या एका भीतीपायी कितीतरी माणसं तपासणी टाळतात.

निदान सांगितलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मॅडमनी खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली. म्हणाल्या, आपल्या अंगात रोगांशी लढणारी जी ताकद असते ती कधी कधी बिथरते आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडायला लागते. आतली तार शाबूत असते, वरचं प्लास्टिक गेलेलं असतं. त्यामुळं मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. याला सीआयडीपी म्हणतात.

"माझ्यामुळं झालं का?" मी विचारलं. एवढ्या सगळ्यात माझा पहिला प्रश्न तो होता.

"नाही. तुम्ही काही केलं म्हणून नाही, काही केलं नाही म्हणूनही नाही."

"गादीवर बसून?"

"नाही हो."

"बरं होतं?"

"बहुतेकांना औषधानं फरक पडतो. वेळ लागतो. सबर ठेवावी लागते."

सबर कुठून आणायची ते काही त्यांनी सांगितलं नाही. पण आजाराला खरं नाव मिळालं, याचा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. सर बाहेर जाऊन लातूरला फोन करत होते. ऑपरेशन रद्द करताना ते इतके अदबीनं माफी मागत होते, जणू लग्नाचा मुहूर्तच मोडत होते.

वॉर्डातले दिवस

औषध सलाईनमधून थेंब थेंब जायचं, दिवसचे दिवस. सकाळी सिस्टर यायच्या, ताप बघायच्या, बीपी बघायच्या, आणि जाता जाता म्हणायच्या, "अक्का, बोटं हलवा." मी हलवायची. म्हणजे मनातल्या मनात हलवायची, बोटं आपली जागच्या जागी.

संडासला न्यायला गौरी. अंगात मॅक्सी घालून द्यायला गौरी. जिची वेणी घातली तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, याचं मला फार वाईट वाटायचं. मी तिच्यावर उगीच ओरडायची, वेणी वाकडी आली, पाणी गार आहे. एक दिवस तिनं कंगवा ठेवला आणि म्हणाली, "आई, तुला राग माझा आलाय का आजाराचा?" मी म्हटलं, "तुझ्यावर काढता येतो म्हणून काढते." ती म्हणाली, "बरं, काढ," आणि पुन्हा वेणी घालायला लागली.

सर जेवायला गुरुद्वाऱ्यात जायचे. अव्वांचा तर बाहेरच्या पाण्याचासुद्धा नेम. दोन दिवस त्यांनी केळी आणि चिवड्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सर त्यांना हाताला धरून लंगरला घेऊन गेले. परत आल्या त्या खूश. "पंगतीत सगळे एका ओळीत बसत्यात गं. डाळ बी आपल्यासारखीच हाय." पुढं रोज त्या सरांच्या आधी चपला घालून तयार.

पहिला कोर्स झाला आणि काहीच झालं नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. औषध गेलं, आम्ही घरी आलो, आणि मी जशीच्या तशी. मला वाटलं हेही नाव चुकलं. सर खोटं खोटं म्हणायचे, "आज चेहरा बरा दिसतोय." मी म्हणायची, "चेहऱ्याला काय झालंय?" मॅडम फोनवर शांतपणे म्हणाल्या, पुन्हा या, दुसरा कोर्स देऊ, सोबत गोळ्या सुरू करू.

दुसऱ्या कोर्सनंतरची गोष्ट. संध्याकाळी पलंगावर पाय सोडून बसले होते. एकदम उजव्या पावलावर काही तरी चावलं. डास! मी अशी ओरडले की सर हातातल्या वह्या टाकून पळत आले.

"काय झालं?"

"डास चावला!"

"मग?"

"मला कळलं हो! चावलेलं कळलं!"

सर मारायला हात उगारत होते, मी म्हटलं, "खबरदार, चावू द्या त्याला." आम्ही दोघं वेड्यासारखे त्या पावलाकडं बघत बसलो. नंतर तिथं खाज सुटली. त्या खाजेइतकं सुख मला आयुष्यात कशानं झालं नाही.

आता

पुढचं सगळं संथ झालं. गोळ्यांनी तोंड सुजून पुरीसारखं टम्म झालं, आरशात बघवेना. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिला मी मनातून फार शिव्या दिल्या. मध्ये एकदा गोळ्या कमी केल्यावर पाय परत ढिले पडले, सगळं मुसळ केरात गेलं असं वाटलं. पण मॅडमनी मात्रा वाढवली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. आज मी चालते, जिना चढते, बस्त्याला उठून कुंकू लावते. गादीवर आता मी खुर्ची ठेवली आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. सुईत दोरा अजून ओवता येत नाही. बोटांची टोकं थोडी बधिर आहेत, ती कदाचित तशीच राहतील. औषध चालू आहे. माझं औषध तेच तुमचं असेल असं नाही, तुमचं दुखणंही वेगळं असेल. पण जी गोष्ट सांगायची तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटते, ती डॉक्टरला सगळ्यात आधी सांगा. एवढं माझं ऐका.

अव्वांचं तर भलतंच झालं आहे. जी गोष्ट त्यांनी मला जिभेवर आणू दिली नाही, ती आता त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगतात. कोपऱ्यात लोडाला टेकून बसतात आणि सुरू करतात, "आमच्या सुनेच्या हातून लिंग पडलं, म्हनून तर कळलं." पहिल्या पहिल्यांदा मी लाजेनं मेल्याहून मेली व्हायची. आता गपचूप घड्या घालते.

परवा जवळच्या खेड्यातून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. नातवाचं जावळ होतं, साडी घ्यायची होती. नातू सासूच्या कडेवर. गुटगुटीत, सारखा आईकडं झेप घेत होता, आणि आई हात मागं घेऊन बसलेली.

"हिला लेकराचा लई कंटाळा," सासू म्हणाली. "दिसभर माझ्याच अंगावर. आजकालच्या पोरींना नुसतं बसायला पायजे."

सुनेनं साडीचा पदर हातात घेतला, तो निसटला, तिनं दुसऱ्या हातानं सावरला. अव्वांनी आपली गोष्ट सुरू केली. पहिल्यांदा कसं पडलं, कसं कुणाला सांगू दिलं नाही, कसा खालून हात धरला. पोरगी मान खाली घालून ऐकत होती. अव्वांचं बोलणं संपल्यावर सुद्धा तिनं मान वर केली नाही.

"मी पाडलं त्याला," ती म्हणाली.

"काय?" सासू म्हणाली.

"लेकराला. मागच्या महिन्यात. गादीवर पडला म्हनून वाचला. मंग परत एकदा पडता पडता ऱ्हायला. हातात जोरच येत न्हाई मामी. म्हनून मी घेतच न्हाई त्याला." आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना.

सासूच्या कडेवरचं लेकरू आईला रडताना बघून रडायला लागलं आणि अंग टाकून तिच्याकडं ओढ घ्यायला लागलं. मी खुर्चीतून उठले, दोन्ही हात पुढं केले आणि त्याला घेतलं. चांगलं जड होतं पोरगं. मी त्याला गच्च धरलं, त्याच्या आईजवळ गेले आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवून, खालून माझे हात तसेच राहू दिले.

"रडू नको," मी तिला म्हटलं. "मला पहिल्यापासून सांग. हात, पाय, सगळं. मग आपण नांदेडला फोन लावू."